न घेतलेले रिव्हॉल्व्हर

सुरुवातीलाच वाचकांची माफी मागतो. लिहिणे हे माझ्यासारख्याचे काम नव्हे. ज्यांच्या घरात आजोबांपासून पुस्तकांचे कपाट असते त्यांनी आठवणी लिहाव्यात आणि आपण त्या वाचाव्यात, असे मला अजूनही वाटते. आमच्या घरात माझ्याआधी छापील अक्षर होते ते एकच. देवांच्या फळीमागे लक्ष्मीचे एक चित्र चिकटवलेले होते, त्याच्या खाली अलिबागच्या कापडदुकानाचे नाव छापलेले होते. शाळेत जाऊ लागल्यावर मी ते पहिल्यांदा मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा आई थोडी हिरमुसली. इतकी वर्षे तिला वाटत होते की तो लक्ष्मीचा मंत्र असेल.

शिवाय आठवणी लिहायच्या तर माणसाने काही केलेले असावे. मी लिहिणार आहे ते न केलेल्या गोष्टीबद्दल. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एक रिव्हॉल्व्हर विकत घेण्याचा विचार करत होतो. तेही लहानसहान नव्हे, मोठ्या बोअरचे, फौजेतले. माणूस सोडाच, जनावरही मारायचे नव्हते. कागदावर नेम धरायचा आणि गोळी नेमकी मधल्या काळ्या ठिपक्यात घालायची, एवढ्यासाठीच ते हवे होते. भातशेती करणाऱ्याच्या मुलाला अशी हौस असावी याचे आज मलाच नवल वाटते. पण तो विचार माझ्या मनात बरेच महिने होता आणि अगदी खरा होता. म्हणून जसा होता तसा लिहून पाहतो.

चीनच्या लढाईनंतर अलिबागच्या आमच्या कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. मी तोपर्यंत मागच्या बाकावर बसणारा मुलगा होतो. उत्तर येत असले तरी हात वर करण्याचा धीर होत नसे. इंग्रजी वाचायची पाळी आली की पहिल्याच ओळीत अडखळे, आणि पुढच्या बाकांवरची चौल-रेवदंड्याची बागायतदारांची मुले मागे वळून पाहत. त्यांच्या पाहण्यात वाईट काही नसे, पण मला ते पुरेसे होई.

एके सकाळी आम्हाला किनाऱ्यावर सुरूच्या बनामागे नेले. वाळूच्या उंचवट्यासमोर कागद लावले होते. सतरंजीवर पालथे पडून प्रत्येकाने लहान बोअरच्या रायफलीतून पाच गोळ्या मारायच्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी फार काही केले नाही. श्वास सोडला, थांबलो, आणि बोट आपोआप मागे आले. कागद काढून आणला तर पाचही भोके एका रुपयाएवढ्या जागेत होती. कागद दुसऱ्याचा तर नाही ना, म्हणून एनसीसीच्या हवालदाराने त्याच्यावरचा नंबर पुन्हा तपासला.

त्या दिवशी तिथे खुर्ची टाकून एक वृद्ध गृहस्थ बसले होते. फौजेत डॉक्टर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि चौलला वडिलार्जित नारळी-पोफळीची वाडी पाहत होते. नेमबाजीची त्यांना जन्मभराची हौस, म्हणून आमच्या अधिकाऱ्यांनी त्यांना मुद्दाम बोलावले होते. त्यांनी माझा कागद हातात घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि विचारले, "यापूर्वी कधी मारली होतीस?" मी नाही म्हणालो. "घरी बंदूक आहे?" तेही नाही. "मग कशाने नेम शिकलास? दगडाने?" मी म्हणालो, "शिकलो नाही, साहेब. गप्प पडून राहिलो फक्त." ते हसले आणि म्हणाले, "रविवारी वाडीवर ये. गप्प राहणारा मुलगा मला बघायचाच आहे."

त्या रविवारपासून मी चौलला जाऊ लागलो. अलिबागहून एसटीने अर्धा तास, पुढे दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाची कुंपणे असलेल्या सावलीच्या वाटेने चालत. डॉक्टरसाहेबांची वाडी खाडीच्या अंगाला उतरत गेलेली होती. शेवटच्या पोफळीच्या पलीकडे मातीचा जाड बांध होता आणि त्यालाच टेकवून एक लाकडी चौकट उभी केलेली होती. तिच्यावर कागद लागायचा. नेमबाजीची वेळ ठरलेली नसे. विहिरीवरच्या रहाटाचा बैल सुटला की आमची वेळ सुरू होई, कारण आवाजाने बैल बिथरतो. त्यामुळे रहाटाची कुरकुर थांबली, पाटातले पाणी हळूहळू आटले आणि गडी बैलाला घेऊन वरच्या अंगाला गेला, की वाडीत जी शांतता पडे ती आठवली तरी माझा हात आजही स्थिर होतो.

पुष्कळ दिवस त्यांनी मला फक्त रायफल दिली. मग एका रविवारी सागवानी पेटी उघडून ते रिव्हॉल्व्हर बाहेर काढले. मी ते आधी पाहिले होते, हातात घेतले नव्हते. भरलेल्या तांब्यासारखे जड. नळीच्या तोंडात माझ्या करंगळीचे टोक सहज गेले असते. त्यांनी मला दोन्ही हातांची पकड दाखवली, मग एक गोळी घातली आणि म्हणाले, "हे उडी मारेल. मारू दे. त्याच्याशी भांडायचं नाही."

पहिल्या गोळीला माझे हात कपाळापर्यंत वर गेले आणि झाडांतले सगळे कावळे एकदम उठले. गोळी कागदाला लागलीच नाही. बांधाची माती तेवढी भसकन खाली आली. डॉक्टरसाहेबांनी दुसरी गोळी पुढे केली. त्या दिवशी किती मारल्या आठवत नाही, पण शेवटची चौकटीच्या आत लागली. रायफल मला नुसती येत होती. हे येत नव्हते, ते मिळवावे लागत होते. आणि मिळू लागले तसा त्याचा लळा लागला. कॉलेजात मला कुणी काही विचारले तर उत्तर ओठांपर्यंत येऊन परत जाई. इथे जे मनात असे ते थेट पलीकडच्या कागदावर उमटत असे, मध्ये कुठे अडत नसे. याहून चांगले मला सांगता येत नाही.

शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर डॉक्टरसाहेबांनी विषय काढला. त्यांचा एक डोळा मोतीबिंदूने जवळजवळ गेला होता आणि दुसराही धुरकटत चालला होता. परवान्याची मुदत संपत आली होती, आणि जे दिसत नाही त्याच्यावर गोळी मारायला आपण परवाना मागणार नाही, असे ते म्हणाले. मुलगे मुंबईत नोकरीला, त्यांना असल्या गोष्टीत रस नव्हता. त्या भागातल्या दोघा-तिघा पैसेवाल्यांनी मात्र रिव्हॉल्व्हर मागितले होते.

"त्यांना उशीखाली ठेवायला हवंय," डॉक्टरसाहेब म्हणाले. "मला उडवणारा माणूस हवा. तू घे. किमतीचं मनात आणू नकोस, ते आपण बघू. तू घेतलंस तर ते कागदच फाडत राहील, एवढी मला खात्री आहे."

मी विचार करून सांगतो म्हणालो. खरे तर विचार कसला, एसटीत बसेपर्यंत माझ्या मनाने ते घेऊनही टाकले होते.

आमचे गाव अलिबागच्या उत्तरेला, खाडीच्या काठावर. समुद्राचे पाणी अडवून केलेली खारजमीन, त्यात एकच पीक भाताचे. शनिवारी घरी गेलो तेव्हा वडिलांना सांगितले. ते बराच वेळ पायाच्या नखातली माती काढत बसले. मग म्हणाले, "डुकरांसाठी घ्यायची तं दोन नळीची घे. ह्या आखूड पिस्तुलानं डुक्कर कसा मरनार?"

मी सांगितले की डुक्कर मारायचाच नाही.

"मंग?"

"कागद."

वडिलांनी आईकडे पाहिले. आईने चुलीतले लाकूड पुढे सारले आणि एवढेच विचारले, "घरात कुठं ठेवशील?" आमच्या घरात कुलूप लागेल अशी एकही जागा नव्हती. भात कणगीत, कपडे वळणीवर, दागिना आईच्या अंगावर. दाराला कडी होती, ती कुत्री आत येऊ नयेत म्हणून. मी म्हणालो, एक लोखंडी पेटी घेऊ. ती म्हणाली, "पेटी घेतलीस की मंग समद्यांना कळंल, पेटीत काय तरी हाय."

तरी त्यांनी नाही म्हटले नाही. मी काही मागावे असे शिक्षणाखेरीज क्वचितच घडले होते, आणि कॉलेजात शिकणाऱ्याला काय लागते काय नाही हे आपल्याला कळत नाही, असे दोघांनाही वाटत असावे. मी अर्ज केला. कारण म्हणून 'नेमबाजीचा खेळ' असे खरे ते लिहिले. कचेरीतल्या कारकुनाने दोनदा वाचले आणि ठेवून घेतले.

पुढे काय होते याची मला कल्पना नव्हती. पौषात एक दिवस पोलीस हवालदार सायकलवरून गावात चौकशीला आला. मी अलिबागला होतो, हे सगळे नंतर समजले. त्याने पाटलांच्या ओटीवर चहा घेतला आणि अशा चौकशीत विचारायचे ते प्रश्न विचारले. मुलगा कसा आहे, संगत कशी आहे, आणि घराचे कोणाशी वैर आहे का. पाटील सरळ मनुष्य. सरकारी माणसाला खोटे सांगू नये, म्हणून त्यांनी सांगितले की वैर असे नाही, पण उघाडीवरून दोघा भावांचे वाजते.

हे दोघे भाऊ म्हणजे माझे वडील आणि माझे थोरले काका. उघाडी म्हणजे खारबांधातले लाकडी दार. ओहोटीला ते उघडून शेतातले पावसाचे पाणी खाडीत सोडायचे, आणि भरतीला खारे पाणी आत येऊ नये म्हणून मिटून ठेवायचे. काकांचे शेत खोलगट, त्यांना पाणी लवकर जायला हवे. आमचे थोडे वर, वडिलांना ते दोन दिवस राहायला हवे. यावरून दर पावसाळ्यात दोघे उघाडीवर उभे राहून एकमेकांचे सगळे बालपण बाहेर काढत. एरवी त्यांचे बोलणे नव्हते. बोलणे होई ते उघाडीवर, आणि तेही भांडणापुरते.

पण बांधाचे काम निराळे. भात निघाले की बांधाची डागडुजी गावाने मिळून करायची, घरटी एक माणूस. चिखलाची ढेकळे हातोहात पुढे जातात, आणि रांगेत ज्याच्या शेजारी ज्याचे शेत त्याच्या शेजारी तो, अशी जुनी रीत. त्यामुळे वडील आणि काका दरवर्षी शेजारी उभे राहत. एक अक्षर न बोलता एकमेकांच्या हातात चिखल देत. दुपारी सगळे टेकले की वडील आपली पानतंबाखूची चंची सोडून दोघांच्या मध्ये बांधावर ठेवीत आणि खाडीकडे पाहत बसत. काका तिच्यातून चिमूटभर तंबाखू घेत, मळत, आणि तेही खाडीकडेच पाहत. मी लहानपणापासून हे पाहत आलो होतो. कधी कोणी 'घे' म्हणाले नाही की 'देतोस का' म्हणाले नाही.

हवालदाराने काकांना बोलावून घेतले. पुतण्या रिव्हॉल्व्हर घेतो आहे, तुमची काही हरकत आहे का, असे विचारले. काकांनी "हरकत न्हाय" म्हणून सांगितले आणि कागदावर अंगठा दिला. गावात मात्र दुसऱ्या दिवसापासून निराळीच चर्चा. पिस्तूल कशाला, कोणावर, उघाडीपायी का. एक म्हातारी आईला विहिरीवर म्हणाली, "शिकवलंस पोराला, आता दीर सांभाळ." आईने हे मला हसत सांगितले, पण तिने ते सांगितले यावरूनच मी काय ते समजलो.

माघात बांधाचे काम सुरू झाले. त्यानंतरच्या शनिवारी मी घरी गेलो, जेवणे झाली. वडिलांनी खुंटीवरची चंची काढली, उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "बघ. जेवडी घेऊन गेलो तेवडीच घरी आली."

काका बांधावर आले होते, पण रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला उभे राहिले. दुपारीही तिकडेच बसले.

रविवारी मी चौलला गेलो नाही. काकांकडे गेलो. ते ओटीवर बसून सुंभ वळत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ये. उजव्या खिशात हाय का डाव्या?"

मी म्हणालो, "काका, अजून घेतलेलं नाही."

"मंग मोकळ्या हातानं काय आलास? घेऊन यायचं, आमी बी बघितलं आसतं." आतून काकूचे हसणे ऐकू आले.

मी खाली बसलो आणि नेमबाजी म्हणजे काय ते सांगू लागलो. चौकट, कागद, मधला काळा ठिपका. काका सुंभ वळत ऐकत होते. मधेच त्यांनी विचारले, "लागला तं काय भेटतं?"

"काही नाही."

"आनि न्हाय लागला तं?"

"तरी काही नाही."

"मंग खेळ बरा हाय," ते म्हणाले. "कुनाचं नुकसान न्हाय. ल्हानपनी कागदावर रेघोट्या वडल्यास, आता भोकं पाड." मग त्यांनी सुंभ बाजूला ठेवला. "आयक. हरकत न्हाय म्हनलो ते मी मनापासून म्हनलो. तू मला मारशील हे माज्या सपनात बी येनार न्हाय. तुजा बाप तं कोंबडी कापाया मला बोलवायचा. पन मला त्याच्याशी भांडावं लागतं. दर साल लागतं, जमीनच तशी हाय. आता समज, मी भांडतोय, आनि मदीच मनात आलं का ह्याच्या घरात ते हाय, आनि माजा आवाज खाली आला. मंग मला जनमभर वाटंल, मी भ्यालो. आनि त्याला वाटंल, तो जिकला. दोनी खोटं. त्यापरास लांब बसलेला बरा."

मी काहीतरी बोलायला हवे होते. "तसं होणार नाही, काका," असे काहीसे म्हणालोही. ते म्हणाले, "व्हय, तू म्हनतोस ते बी खरं." आणि काकूला चहा ठेवायला सांगितले.

वाचणाऱ्याला वाटेल की तिथेच माझा निर्णय झाला. तसे झाले नाही. मी पुढचे कित्येक दिवस स्वतःशी वाद घालत होतो, आणि बरेचदा रिव्हॉल्व्हरच्या बाजूने. लोक काय समजतील यावर चालायचे तर मी कॉलेजातही जायला नको होते. तेव्हाही गाव म्हणालाच होता की पोरगा हातचा जाणार. ते गावाला हळूहळू समजले, तसे हेही समजेल. ते दुसरीकडे कुठे ठेवता येईल का, याचाही मी विचार केला. पण कुठेही ठेवले तरी परवान्यावर नाव माझे आणि घर आमचे राहणार होते. आणि खरे सांगायचे तर ते दुसऱ्याकडे ठेवायचे मला नकोच होते. ते माझे असावे असे वाटत होते. माझ्या मालकीचे म्हणावे असे तोवर काहीच नव्हते. पुस्तके लायब्ररीची, खोली भाड्याची, इंग्रजी उसने.

मग मी दुसऱ्या बाजूने विचार करी. माझ्या हातात ते खेळणे आहे, हे मला ठाऊक, डॉक्टरसाहेबांना ठाऊक. पण ते घरात कणगीशेजारी पेटीत पडून असताना, मी अलिबागला वर्गात बसलेलो असताना, ते काय असेल? तेव्हा ते खेळणे नसेल. तेव्हा ते काकांचा आवाज खाली आणणारी वस्तू असेल, आणि तसे काम ते दिवसरात्र करत राहील, एकही गोळी न उडवता. या विचाराशी मी पुनःपुन्हा येऊन थांबे आणि पुन्हा मागे फिरे.

परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या रविवारी मी चौलला गेलो. रहाट थांबला. डॉक्टरसाहेबांनी पेटी उघडली. त्या दिवशी मी फार चांगली नेमबाजी केली. इतकी चांगली की चौकटीवरून कागद काढताना मला रडू येईल की काय असे वाटले. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांशी नेला, मग बोटांनीच भोके चाचपली.

"साहेब," मी म्हणालो, "मी ते घेणार नाही."

डॉक्टरसाहेब रिव्हॉल्व्हर उघडून गोळ्यांच्या एकेका घरातून फडक्याचा बोळा फिरवत राहिले. मी घडले ते सगळे सांगितले, चंचीचे, अंगठ्याचे, काका बोलले ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. सांगताना मला भीती होती की त्यांना हे गावंढळ वाटेल. त्यांनी मला इतके दिले होते आणि मी त्यांना एका चंचीची गोष्ट सांगत होतो.

काका आवाज खाली येण्याबद्दल बोलले तिथे मी आलो, तेव्हा त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वळवून वाडीच्या दक्षिणेकडच्या कुंपणाकडे पाहिले. तिकडे त्यांच्या धाकट्या भावाची वाडी होती. दोन्ही वाड्यांची विहीर एकच, आणि तिच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, हे मला ठाऊक होते.

"मी फौजेतून आलो तेव्हा तो रोज त्या भिंतीवरून भांडायचा," ते म्हणाले. "पाणी जास्त घेतलंस, पाट फोडलास, काय वाटेल ते. मग हळूहळू थांबला. मला वाटलं, वयाबरोबर समजूतदार झाला." हातातला बोळा खाली ठेवत ते म्हणाले, "मी दर रविवारी इथे कागद फाडत होतो आणि तो तिकडे बसून ऐकत होता."

मला फार अवघडल्यासारखे झाले. असे त्यांना वाटावे म्हणून मी सांगितले नव्हते. मी तसे म्हणालो. त्यांनी मान हलवली, पेटी बंद केली, आणि तो शेवटचा कागद घडी करून माझ्या खिशात घातला. "तुझ्या काकांना दाखव. म्हणावं, लागला," असे म्हणून ते हसले. नंतर त्यांनी मला नेहमीसारखा चहा दिला आणि परीक्षेला कोणकोणते पेपर आहेत ते विचारले.

मी अर्ज मागे घेतला. डॉक्टरसाहेबांनी रिव्हॉल्व्हर कोणालाही न विकता सरकारजमा केल्याचे मला कळले. त्यांच्या भावाशी त्यांचे पुढे काही बोलणे झाले का, हे मात्र मला आजपर्यंत कळलेले नाही. नंतर एकदा भेट झाली तेव्हा विचारण्याचा धीर झाला नाही.

अर्ज मागे घेतल्यावर सगळे पूर्ववत होईल असे मी समजत होतो. तसेही झाले नाही. अर्ज केल्याचे गावभर झाले होते, मागे घेतल्याचे कोणाला सांगायचे? वडिलांनी दवंडी थोडीच पिटायची. मी काकांना जाऊन सांगितले आणि कागदही दाखवला. त्यांनी भोके मोजल्यासारखे केले, "बरा लागलाय," म्हणाले, आणि कागद परत दिला. पण चैत्रात बांधाचे राहिलेले काम निघाले तेव्हाही ते दुसऱ्याच टोकाला उभे राहिले. चंची तशीच घरी येत राहिली. एकदा उठून गेलेला माणूस परत जाग्यावर येऊन बसायला निमित्त लागते, आणि निमित्त कुणाला देता येत नाही.

जूनमध्ये मला हरिहरेश्वरच्या बाजूला एका शाळेत मास्तरकी मिळाली. घरापासून दोन खाड्या पलीकडे. पावसाळ्यात खाडीवरची तरीची होडी बंद असली की तिकडची बातमी इकडे येत नाही. वडिलांना लिहिता येत नाही, आणि पाटलांकडून लिहून घ्यायचे तर खुशालीपलीकडे काय लिहिणार. आषाढातल्या अमावास्येला उधाण मोठे असते आणि त्यात पाऊस असला तर बांधाला धोका असतो. त्या दिवशी दुपारच्या भरतीच्या वेळी मी सहावीला भूगोल शिकवत होतो आणि माझे सगळे लक्ष खिडकीबाहेर लाटांच्या आवाजाकडे होते. बांधाच्या काळजीपेक्षाही एक निराळी काळजी होती. उघाडीवर वडील एकटे असतील का?

पाऊस संपत आला, गणपती होऊन गेले, तरी काही कळले नाही. पितृपक्षात आमच्या गावातले शेजारी आपल्या आईचे कार्य करायला हरिहरेश्वरला आले. कार्य आटोपून, डोके भादरलेले, ते माझी शाळा शोधत आले. मधल्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात बसलो. त्यांनी आधी आईने दिलेल्या पोह्यांची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. मग सगळी खुशाली सांगितली, म्हैस व्याली, कोणाचे लग्न ठरले. मी शेवटी न राहवून विचारले, "उधाणाला काय झालं?"

"झालं काय, खांड पडली ना," ते म्हणाले. बांध फुटला की तिकडे खांड पडली म्हणतात. "तुमच्या उघाडीच्या अंगालाच. भर दुपारच्याला. समदा गाव धावला. तुजा काका सगळ्यांच्या आदी तिथं. आनि काय सांगू, पानी कमरंएवढं, दोगं भाऊ चिखल टाकतायत आनि भांडतायत. तुजा काका वरडतोय, उघाडी टायमाला उघडली आसती तं बांधावर भार आला नसता. तुजा बाप वरडतोय, तुजं शेत खड्ड्यात हाय त्याला मी काय करू. आरं, भरतीचा आवाज कमी आनि त्यांचा जास्ती. आमी हसावं का चिखल टाकावा?"

"बांध?"

"बांधला. भात वाचलं."

विचारावे की नाही असे झाले. मग विचारले, "बाबांची चंची?"

त्यांना प्रश्नाचे नवल वाटले. "ती तं भिजून लगदा झाली. मंग दोगं बसले थितंच बांधावर, काकाची चंची मदी ठेवून. बोलत न्हवते, खाडीकं बघत होते."